एका बंडलातल्या दोघी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी सोन्याचं कानातलं दिलं तर त्या "बरं आहे" म्हणून कपाटात ठेवून देतील. पण कुणाच्या हातात जुनी, चलनातून गेलेली नोट दिसली की त्यांची मान अशी गर्रकन वळते की बघणाऱ्याच्याच मानेत लचक भरावी.

एरवी त्या चारचौघींसारख्याच. बटणं, लेस, दोरे, चेन विकणाऱ्या एका दुकानात त्या गल्ल्यावर बसतात. दुकान इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने पोट आत घ्यायचं. भिंतभर लहान लहान खण आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा नमुना चिकटवलेला. "निळं, चार भोकांचं? वरून तिसरी ओळ," असं जाऊबाई नजर वर न करता सांगतात. नजर वर होते ती नोट हाताला वेगळी लागली तरच. मग ती नोट बाजूला निघते, तेवढ्याच किमतीची दुसरी त्यांच्या पर्समधून गल्ल्यात पडते आणि बाजूला काढलेली पुठ्ठ्यात घालून घरी येते. दुकानाचे मालक म्हणतात, "बाई, माझ्या गल्ल्यातला छदामही तुम्ही कधी इकडचा तिकडे केला नाहीत, पण त्यातली शोभा मात्र सगळी घरी नेलीत!"

आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्या खाली आणि मी वर. त्यांच्या खिडकीशी एक टेबल आहे आणि त्या टेबलाचे नियम देवघरापेक्षा कडक. हात धुऊन, कोरडे करून यायचं. नोट कडेने धरायची, मधे बोट लावायचं नाही. चहा टेबलावर आणायचा नाही, संत्रं तर त्या खोलीत सोलायचंही नाही. मी त्यांना एकदा म्हटलंसुद्धा, "जाऊबाई, एवढं सोवळं मी जपाला बसतानाही पाळत नाही."

"म्हणून तर तुझा देव अजून प्रसन्न झाला नाही," त्या म्हणाल्या आणि लगेच स्वतःच कानाला हात लावला.

थोरले भावोजी बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करतात. त्यांच्या नखांतलं काळं ऑइल कोणत्याच साबणाने निघत नाही, त्यामुळे त्यांना त्या टेबलाजवळ जायची बंदी आहे. ते दारातूनच विचारतात, "जुन्या नोटेची किंमत वाढते म्हणता, मग माझी का वाढत नाही?"

"तुम्हाला फार घड्या पडल्यात," जाऊबाई भिंगातून डोळा न काढता म्हणतात.

या सगळ्या नादाचं मूळ एका नोटेत आहे आणि ती नोट जपण्याचं मूळ पोटदुखीत. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेली आहे, त्यामुळे इथे लिहायलाही हरकत नाही.

आमचे मामंजी बँकेत कॅशियर होते. जन्मभर काचेच्या खिडकीमागे बसून त्यांनी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. जाऊबाई लग्न होऊन घरात आल्या त्याच वर्षी नवी नोट निघाली. मामंजींनी कोऱ्या बंडलाची कागदी पट्टी फाडली, वरच्या दोन नोटा स्वतःचे पैसे भरून घेतल्या आणि घरी आणल्या. दारात लेक उभी होती, म्हणजे आमच्या वन्सं. तेव्हा त्या शाळेत जात होत्या. एक नोट तिच्या हातात ठेवली, मग सुनेला हाक मारली आणि दुसरी तिला दिली. म्हणाले, "लेक आणि सून, एका बंडलातल्या. खर्चू नका गं."

दुसरी कुणी असती तर फुलून गेली असती. जाऊबाईंनी आधी नंबर बघितला. वन्संच्या नोटेचा शेवटचा आकडा सहा, यांच्या नोटेचा सात. झालं!

"आधी लेक, मग सून," त्या मला आजही सांगतात. "मामंजींनी नोट नाही दिली, माझी पायरी दाखवली."

"अहो, वन्सं दारात होत्या म्हणून त्यांना आधी मिळाली. दोघींना एकदम कशी देणार?"

"दोन हात होते त्यांना."

शिवाय दुसरं एक शल्य होतंच. यांच्या नोटेचा एक कोपरा किंचित दुमडलेला होता, तिरकी बारीक रेघ पडलेली. वन्संची सरळ, कोरी करकरीत. "बघितलं होतं मी तेव्हाच," जाऊबाई म्हणतात. "चांगली पोरीला, मोडकी मला."

मी या घरात आले ती फार नंतर. माझ्यापर्यंत बंडल पोचलंच नाही, त्यामुळे मी सुखी आहे.

पण जाऊबाईंना त्या एका आकड्याने वन्संकडे बघायची नजरच देऊन टाकली. वन्सं शिकल्या, तर यांचं म्हणणं, "शिकणारच. भांडी घासायला मी होते ना." वन्संचं लग्न चांगल्या घरात झालं, तर, "बापाने जोडे झिजवले. माझ्या बापाला कुणी विचारलं होतं?" वन्संनी नवे पडदे लावले तेव्हा जाऊबाई डोळे भरून बघून म्हणाल्या, "छान आहेत. खिडकी लहान आहे ना, झाकलेलीच बरी." वन्संना त्या कायम "तुम्ही" म्हणतात. वयाने मोठ्या असूनही! त्या "तुम्ही"त इतका गारठा असतो की ऐकणाऱ्याने अंगावर शाल घ्यावी. वन्सं मात्र सरळ "वहिनी, तू" म्हणतात. त्याचाही यांना रागच. "लाडावलेली आहे. कुणाला तू म्हणावं, कुणाला तुम्ही, हे शिकवलंच नाही कुणी."

तर आता या वर्षीची हकिकत.

वाचनालयाच्या वरच्या दालनात नोटा जमवणाऱ्यांचं एक मंडळ भरतं. बहुतेक निवृत्त पुरुष, आणि त्यांत जाऊबाई एकट्या. पुढारी म्हणजे जुन्या बाजारातले एक दाढीवाले गृहस्थ. ते नोट नाकाशी नेऊन हुंगतात आणि मगच बोलतात. त्यांनी ठरवलं की यंदा प्रदर्शन करायचं, प्रत्येकाला एक चौकट, आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं त्यात लावायचं. जाऊबाईंनी मामंजींची नोट त्यांना दाखवली.

दाढीवाल्यांनी ती हुंगली. "कागद उत्तम. पण नोट एकटी आहे, बाई. अशा पुष्कळ मिळतात. हिच्या आधीचा नाहीतर पुढचा आकडा असता तर गोष्ट वेगळी. सलग नंबरांची जोडी, एकाच बंडलातून एकाच घरात आलेली! दालनात मधोमध लावली असती मी."

संध्याकाळी जाऊबाई वर आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिल्या.

"सहा नंबर कुणाकडे आहे?" मला विचारलं, जसं काही मला ठाऊक नव्हतं.

"मग मागा ना वन्संकडे."

"मी? मागू? आणि तिच्याकडे?"

"मग नका मागू."

"मग जोडी कशी होणार?"

असं बरेच दिवस चाललं. कणीक मळताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. मी जपाला बसले तरी मण्यांच्या मधून यांचा "सहा नंबर" ऐकू यायचा. शेवटी त्यांनीच तोड काढली. मागायचं नाही, अदलाबदल करायची. त्यांच्या संग्रहातली एक देखणी नोट, शिडाचं जहाज छापलेली, जी त्यांनी कितीतरी महिने पैसे साठवून जुन्या बाजारातून आणली होती, ती वन्संना द्यायची आणि सहा नंबर घ्यायचा.

"त्यांना कुठे कळतंय नोटेतलं?" जाऊबाई म्हणाल्या. "जहाज बघून खूश होतील. तू चल माझ्याबरोबर. माझ्या तोंडून काही कमीजास्त निघायला लागलं की तू मोठ्याने देवाचं नाव घे."

वन्संचं घर त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. लिफ्टला आरसा. जाऊबाईंनी लिफ्टकडे न बघता जिना धरला, आणि त्यांच्यामागे धापा टाकत मी. हातात कडक पुठ्ठ्याचं पाकीट, त्यात स्वतःची सात नंबरची नोट आणि ते जहाज.

"वहिनी! आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" वन्संनी दार उघडलं. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. नुकत्याच घरी आल्या होत्या, खांद्यावरची पर्सही उतरली नव्हती.

"सहज. इकडून जात होतो," जाऊबाई म्हणाल्या. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

चहा आला. जाऊबाईंनी पाकीट कपापासून लांब सरकवलं. पडद्यांची, मुलांची, गुडघ्यांची चौकशी झाली. मी दोनदा कोपराने ढोसल्यावर त्या मुद्द्याला आल्या.

"मामंजींनी एक नोट दिली होती तुम्हाला. असेल का कुठे? नसेलच म्हणा आता."

"नसेल कशी? रोज माझ्याबरोबर असते," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला.

जुडग्याला एक जाड प्लॅस्टिकची पट्टी लोंबत होती, कोपरे गोल कापलेली. आत ती नोट. नोटेवर एका बाजूला मामंजींचा टिकलीएवढा फोटो. आणि वरच्या टोकाला आरपार भोक, त्यातून किल्ल्यांचं कडं ओवलेलं.

"लॅमिनेट करून घेतली," वन्सं कौतुकाने म्हणाल्या. "घडी करून करून फाटायला आली होती गं. आता पाण्यात पडली तरी हिला काही होत नाही."

ज्यांना या नादातलं माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. मलाही जाऊबाईंमुळेच कळलंय. असं तापवून प्लॅस्टिक चढवलं की ते कागदाला कायमचं धरतं. सोलायला गेलं तर कागदच सोलून येतो. जमवणारे अशी नोट हातातही घेत नाहीत.

"मेली," जाऊबाई म्हणाल्या.

"कोण मेली?" वन्सं दचकल्या.

"नोट."

"काहीतरीच काय! चांगली आहे की."

मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. इतक्या वर्षांचं "तुम्ही" एका क्षणात गळून पडलं.

"भोक पाडलंस तू तिला? तुला आधीची मिळाली, तुला कोरी मिळाली, आणि तू तिला भोक पाडून किल्ल्या अडकवल्यास?"

"माझ्या बाबांनी दिलीय मला. मी भोक पाडीन नाहीतर भिंतीला खिळ्याने ठोकीन!"

"हो, तुझ्याच बाबांनी! तेच ऐकत आले आहे मी. घरातलं पहिलं सगळं तुझं, उरलेलं माझं. आणि जे मिळालं ते सांभाळायची अक्कलही नाही."

"वहिनी, एका नोटेसाठी तू घरात येऊन माझी अक्कल काढतेस?"

"चहा गार होतोय," मी म्हटलं. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की चहा आपोआप गरम व्हावा.

वन्सं जुडगा मुठीत धरून बसल्या होत्या. मग हट्टाने म्हणाल्या, "तुझी कुठे आहे? तू मोठी सांभाळलीस ना, दाखव बघू."

"हात धुऊन या," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही" परत आलं होतं.

वन्सं खरंच उठल्या, हात धुतले, पुसले. जाऊबाईंनी पाकीट उघडलं. वन्संनी नोट कडेने उचलली, सांगितली तशी. पुढून बघितली, उजेडात धरली. मग त्यांची नजर कोपऱ्यावरच्या त्या तिरक्या रेघेवर गेली आणि तिथेच थांबली.

"हा बाबांचा अंगठा आहे," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"ही दुमड. बाबा अशीच नोट उचलायचे. डाव्या हातात बंडल, उजव्या अंगठ्याने कोपरा असा तिरका मोडायचा, दोन नोटा एकदम येऊ नयेत म्हणून. शाळा सुटली की मी बँकेतल्या बाकावर बसून काचेतून बघत राहायचे. शेजारच्या खिडकीतले काका बोट ओलं करून मोजायचे, बाबा कोपरा मोडायचे. घरी पेपरची पानंसुद्धा तशीच उलटायचे. आठवत नाही तुला?"

आठवत होतं, हे जाऊबाईंच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

वन्संनी जुडगा उचलून आपली नोट पाहिली. सपाट, गुळगुळीत, काचेसारखी. "माझी अगदी वरची होती. ती नुसती उचलली असेल. तुझी काढताना खालची चिकटून येऊ नये म्हणून अंगठा लावला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझ्या नोटेवर बाबा दिसावेत म्हणून मला फोटो चिकटवावा लागला. आणि तुझ्या नोटेवर ते आपणहून आहेत."

यानंतर त्यांनी मान वर केली. ती नजर मी ओळखली. खालच्या मजल्यावर ती मी रोज बघत आलेय, फक्त या चेहऱ्यावर आजवर बघितली नव्हती.

"वहिनी, ही मला दे. बदल्यात काय हवं ते माग. मला त्यातलं कळत नाही, पण काय लागेल ते मी आणून देईन तुला."

जाऊबाईंनी नोट त्यांच्या हातून घेतली, पाकिटात सरकवली, पाकीट मिटलं. जहाजाची नोट बाहेर आलीच नाही.

"बघू," त्या म्हणाल्या.

निघताना त्या लिफ्टपाशी थांबल्या. मी जिन्याकडे वळले होते.

"अगं, लिफ्टने जाऊ ना," जाऊबाई म्हणाल्या. आत आरशात बघून केस नीट केले आणि म्हणाल्या, "छान लिफ्ट आहे हं वन्संची."

त्यांनी वन्संच्या घरातल्या कशाला छान म्हटलं आणि पुढे "पण" लावला नाही, असं माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच घडलं.

प्रदर्शनात जोडी लागली नाही. प्लॅस्टिकमधली नोट मंडळ घेत नाही आणि जाऊबाईंनी विचारलंही नाही. चौकटीत त्यांनी एकटी आपलीच नोट लावली, आणि ती दुमड लपेल अशी नाही, तर उजेड नेमका तिच्यावर पडेल अशी. खाली चिठ्ठी लिहिली, "कॅशियरच्या अंगठ्याची दुमड". दाढीवाले वैतागले. "बाई, लोक दोष झाकतात, तुम्ही त्यावर पाटी लावता?" चौकट त्यांनी मधोमध न लावता दाराजवळच्या भिंतीला, झाडूच्या शेजारी लावली. जाऊबाईंनी झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला आणि चौकटीपाशी स्टूल घेऊन बसल्या.

वन्सं पहिल्या दिवशी आल्या. बाकीच्या चौकटींकडे त्यांनी बघितलं नाही. दाराजवळच्या भिंतीशी पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या, इतका वेळ की येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालून जावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर आल्या.

"वहिनी, काय ठरवलंस?"

"प्रदर्शन अजून चालू आहे. पोटभर बघून घ्या," जाऊबाई म्हणाल्या. आवाजात इतका गोडवा की मला भीती वाटली.

बाहेर पडताना वन्संनी मला गाठलं. "तुझं ऐकते ती. तू सांग ना. मी कधी काही मागितलंय का वहिनीकडे?"

नव्हतं मागितलं, हे खरं. लागलंच नव्हतं कधी.

चौकट उतरवून आम्ही दोघी पायी घरी निघालो तेव्हा मी विषय काढला. "द्या ना हो त्यांना. लेक आहे शेवटी. बापाच्या अंगठ्यावर तिचाच हक्क पहिला."

मला वाटलं, या "पहिला"वर त्या उसळतील. पण शांतपणे चालत राहिल्या, पाकीट काखेत घट्ट धरून.

"देणार आहे की. मला काय कळत नाही? माझ्यानंतर ती नोट तिच्याकडेच जायला हवी, आणि माझ्यानंतरच कशाला, त्याच्या आधीच देईन. तिच्या हातात मी स्वतः देईन. फक्त प्लॅस्टिकमध्ये घालायची नाही, एवढी एकच अट."

"मग उद्याच द्या. पुण्याचं काम आहे."

"उद्या? काही नको. जरा जळू दे."

"जाऊबाई! देव बघतोय."

"बघू दे. इतकी वर्षं मी जळत होते तेव्हाही बघतच होता." मग चार पावलं जाऊन थांबल्या, पाकीट या काखेतून त्या काखेत घेतलं. "आणि हे बघ, ती आली तर तू मधे पडून 'देतील हो, देतील' म्हणत बसू नकोस. येऊ दे, मागू दे. आज नाही म्हटलं तर उद्या परत मागू दे."

"अहो पण द्यायचीच आहे तर मागायला कशाला लावता?"

"मला ऐकायचंय," जाऊबाई म्हणाल्या.